समुद्रावरील काळोखाची वहिवाट

प्रवासी जहाजावर ज्या खोलीला समुद्राच्या अंगाला स्वतंत्र सज्जा असतो, तिचे भाडे बिनखिडकीच्या आतल्या खोलीपेक्षा पुष्कळच अधिक असते, आणि ते भाडे भरणाऱ्या कुटुंबाला आपण नेमके काय विकत घेतले आहे याची स्पष्ट कल्पना बहुधा कोणी दिलेली नसते. दिवसा त्या सज्ज्याचा उपयोग कोणास सांगावा लागत नाही; चहाचा पेला घेऊन बसावे, बंदर जवळ येताना पाहावे, घरच्या मंडळींची छायाचित्रे काढावीत. सूर्यास्तानंतर त्याच सज्ज्याचे काय करावे, याविषयी मात्र आपल्या प्रवाशांत जो शिरस्ता पडू पाहत आहे, म्हणजे दिवा लावून ठेवावा, गाणी मोठ्याने लावावीत, शेजारच्या चार खोल्यांतील माणसे गोळा करून मध्यरात्रीपर्यंत बैठक रंगवावी, तो मला अतिशय खेदकारक वाटतो. रात्रीचा सज्जा काळोखासाठी आहे. तो काळोख जहाजावरील सर्वांचा सामायिक आहे. आणि ज्याच्या हाती सज्ज्यातील दिव्याचे बटण आहे, त्याच्यावर तो राखण्याची जबाबदारी प्रथम येते, असे माझे मत आहे.

हा सज्जा जहाजबांधणीत फार जुना नाही. १९८४ साली ‘रॉयल प्रिन्सेस’ हे जहाज समुद्रात उतरले, तेव्हा त्यातील प्रत्येक खोली बाहेरच्या अंगाला होती व पुष्कळ खोल्यांना स्वतःचा सज्जा होता, ही गोष्ट मोठ्या नवलाची समजली गेली. त्यानंतरच्या काळात बांधलेल्या मोठ्या जहाजांवर मात्र सज्ज्यांच्या रांगा मजल्यावर मजले चढत गेल्या. त्यापूर्वी समुद्राची रात्र पाहायची तर उघड्या डेकवरच जावे लागे, आणि डेक सर्वांचा असे. आपल्या कोकण किनाऱ्याची आगबोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगण्याचे कारण नाही. भाऊच्या धक्क्यावर ट्रंका, वळकट्या आणि पाण्याचे तांबे घेऊन चढलेला गिरणीकामगार हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे करीत जाणाऱ्या बोटीच्या डेकवर पथारी पसरी, आणि मध्यरात्री कोठे तरी बोट खाडीबाहेर उभी राहून पडाव तिच्या अंगाला लागेपर्यंत त्याच्या डोक्यावर सबंध आकाश असे. ‘कोकणसेवक’ व ‘कोकणशक्ती’ या बोटींच्या फेऱ्या बंद पडल्या, पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली, आणि एका प्रांताच्या रहिवाशांचा रात्रीच्या समुद्राशी असलेला नित्याचा संबंध तुटला. त्या प्रवासात हाल होते, उलट्या होत्या, गर्दी होती, पावसाळ्यात जिवावरचे प्रसंग होते, आणि ते हाल परत यावेत असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. तथापि एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे, ती ही की सर्वांत कमी भाडे देणाऱ्यास त्या काळी जे आकाश फुकट मिळत होते, तेच आज सर्वांत अधिक भाडे देणाऱ्याच्या खोलीला जोडून विकले जाते. २०२१ सालापासून मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे प्रवासी जहाजाच्या फेऱ्या पुन्हा होऊ लागल्या आहेत. १९९० साली बांधलेल्या त्या जहाजावर सज्जा असलेल्या खोल्या थोड्याच आहेत, व बहुसंख्य प्रवासी खिडकीच्या अथवा बिनखिडकीच्या खोल्यांतच झोपतात. अशा स्थितीत ज्यास सज्जा मिळाला आहे त्याने तो कसा वापरावा, हा प्रश्न केवळ त्याच्या मर्जीचा राहत नाही.

सज्ज्यातून सबंध आकाश दिसत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. वरच्या मजल्याचा सज्जा छतासारखा आडवा येतो, दोन्ही बाजूंना शेजारच्या खोल्यांचे पडदे असतात, आणि माथ्यावरचे नक्षत्र पाहण्याच्या आशेने बसलेल्या माणसाची निराशा होते. परंतु जो भाग दिसतो तो शहरात राहणाऱ्यास जन्मात कधी पाहावयास न मिळणारा भाग असतो: क्षितिजापासून वर चार-पाच हातांचा पट्टा, ज्यात तारे उगवतात आणि मावळतात. मुंबईत तारा उगवताना कोणी पाहिला आहे? तो इमारतींच्या, धुरळ्याच्या आणि दिव्यांच्या प्रभेच्या वर येऊन स्थिर झाल्यावरच आपल्या दृष्टीस पडतो. डिसेंबरच्या रात्री गोव्याकडे निघालेल्या जहाजाच्या डाव्या अंगाच्या सज्ज्यात, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून, कोणी स्वस्थ बसला, तर कृत्तिका वर गेलेल्या असतात, रोहिणी त्यांच्या मागून चढत असते, आणि मग मृगाच्या बाणाचे तीन तारे एकाखाली एक, जवळजवळ उभ्या रेषेत, पाण्यातून निघाल्यासारखे वर येतात. त्यांच्यानंतर व्याध. क्षितिजालगतच्या दाट हवेतून येताना तो लाल, हिरवा, निळा असा इतका चंचलपणे चमकतो की हे विमान की दुसऱ्या जहाजाचा दिवा, असा संभ्रम पडावा. आणखी काही वेळाने, कठड्याशी उभे राहून जहाजाच्या नाळेच्या दिशेने पाहिल्यास, आग्नेयेस अगस्त्य उगवतो. तो आपल्या अक्षांशांवर कधीच फार उंच चढत नाही. त्यामुळे ज्याच्या घराच्या दक्षिणेस चार मजली इमारत आहे, त्याने अगस्त्याचे नाव पुराणात ऐकलेले असते, पण तो पाहिलेला नसतो.

डाव्या व उजव्या अंगाचा हा भेद तिकीट काढतानाच ध्यानात घेण्याजोगा आहे, पण तो विकणारे सांगत नाहीत व घेणारे विचारीत नाहीत. दक्षिणेस जाताना डावे अंग किनाऱ्याचे: त्या बाजूस चंद्रोदय, नक्षत्रांचा उदय आणि जहाज पुरेसे जवळून जात असेल तर कोकणची दीपगृहे. उजवे अंग खुल्या अरबी समुद्राचे: त्या बाजूस सूर्यास्त, सायंकाळचा शुक्र असल्यास त्याचा अस्त, आणि अधिक निबिड काळोख. परतीच्या वाटेवर हे सर्व उलटते. मुंबई सोडताना कुलाब्याच्या टोकापुढील १८७५ चे प्रॉन्ग्ज दीपगृह आणि थोड्या दक्षिणेस खांदेरीवरील १८६७ चे दीपगृह ही दोन जुनी मंडळी आपापल्या ठरावीक लयीत उघडमीट करीत असतात. प्रत्येक दीपगृहाची उघडमीट वेगळी असते, व किती सेकंदांत किती वेळा चमकले एवढे मोजून खलाशी कोणतेही पुस्तक न उघडता आपण कोठे आहोत हे सांगतो. मध्यरात्रीच्या सुमारास रत्नागिरीच्या रेषेत आल्यावर एखादा झोत क्षितिजाखालून नुसता उजळल्यासारखा वाटतो व दिवा स्वतः दिसत नाही. पाण्यापासून पंचवीस मीटर उंचीच्या सज्ज्यातून समुद्राचे क्षितिज सुमारे अठरा किलोमीटरांवर असते, आणि त्यापलीकडचा दिवा स्वतः उंच असेल तरच नजरेस येतो.

दुसऱ्या जहाजांचे दिवेही असेच वाचता येतात. एखादे जहाज लांबून जात असता त्याचा तांबडा दिवा दिसला, तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे व ते आपल्या उजवीकडून डावीकडे चालले आहे. हिरवा दिसला तर उजवी बाजू, व गती उलट. तांबडा आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले, तर ते थेट आपल्याकडे तोंड करून येत आहे. वर जे पांढरे दिवे असतात ते दोन असून मागचा पुढच्यापेक्षा उंच असला, तर जहाज मोठे आहे, आणि त्या दोन दिव्यांतील अंतर कमी-अधिक होत गेले तर ते वळत आहे. एवढे ज्ञान दहा वर्षांच्या मुलास पाच मिनिटांत देता येते, आणि ते मिळाल्यावर समोरचा काळा समुद्र त्यास रिकामा वाटेनासा होतो. खाली पाहावे, तर जहाजाने कापलेल्या पाण्याच्या कडेला काही रात्री निळसर ठिणग्या उठतात. नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव पाणी ढवळले की प्रकाशतो, आणि २०२० च्या नोव्हेंबरात तो आपल्या किनाऱ्यावर इतका बहरला होता की जुहूपासून सिंधुदुर्गापर्यंत लोक रात्री वाळूवर येऊन निळ्या लाटा पाहत उभे होते.

यांपैकी काहीही दिवा लावलेल्या सज्ज्यातून दिसत नाही. मनुष्याच्या डोळ्याला काळोखाची पुरती सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत, मग तो छतावरील दिव्याचा असो की हातातील मोबाईलचा, ती सवय क्षणात मोडतो, आणि पुन्हा अर्धा तास बसण्याखेरीज तिला उपाय नाही. आता अडचण अशी की सज्ज्यांची रांग ही चाळीतल्या सामायिक गॅलरीसारखी असते. एका बिऱ्हाडाने दिवा लावला की उजेड सर्वांच्या दाराशी येतो. आपण आपला दिवा मालवून बसावे आणि डावीकडील खोलीचा प्रखर पांढरा दिवा पडद्याच्या वरून व खालून आत यावा, म्हणजे आपला संयम फुकट गेला. खालच्या मजल्यावरील दिव्याने पाणी उजळते व त्यातील ठिणग्या विझतात. वरच्या डेकवरील रोषणाईने समुद्राची वाफ पांढरी होऊन तारे पुसले जातात.

जे प्रवाशास सांगावे लागते, ते जहाज चालविणाऱ्यास कायद्यानेच बंधनकारक आहे. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांच्या विसाव्या कलमात असे बंधन आहे की सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत नेमून दिलेले दिवे लावावेत, आणि त्यांच्याशी घोटाळा होईल, त्यांचे स्पष्ट दर्शन बिघडेल अथवा नीट पहारा ठेवण्यास अडथळा येईल असे इतर दिवे लावू नयेत. जहाजाच्या सुकाणूघरात रात्री काळोख ठेवतात तो याच कारणासाठी. आणि ज्या जहाजांवर नाळेकडील खोल्यांच्या खिडक्या थेट पुढे उघडतात, तेथे अंधार पडताच पडदे ओढून घेण्याची ताकीद प्रवाशांना दिली जाते. दक्षिण जॉर्जिया बेटाच्या परिसरात तर रात्री बाहेर पडणारा सगळाच उजेड झाकण्याचा दंडक आहे, कारण तेथील समुद्रपक्षी दिव्यांनी दिपून जहाजावर आदळतात व डेकवर मरून पडतात. ज्या उजेडाने पक्ष्यास दिशा सापडत नाही व पहाऱ्यावरील अधिकाऱ्यास समोरचे जहाज दिसत नाही, तो प्रवाशाच्या डोळ्यांना मात्र अपाय करीत नाही, असे मानण्यास कोणताही आधार नाही.

गोव्याच्या एका प्रवासात माझ्या शेजारच्या सज्ज्यात एक कुटुंब दिवा लावून बसले होते. मुलांची आई फोनवरून कोणाला तरी जहाजाचे वर्णन ऐकवीत होती, आणि तिचा म्हातारा सासरा कठड्याजवळच्या खुर्चीत गप्प बसला होता. पडद्याच्या या बाजूने मी विचारले, “ताई, थोडा वेळ दिवा मालवता का? समोर दीपगृह लागलंय, उजेडामुळं दिसत नाही.” तिने तत्काळ मालवला, आणि उलट मलाच म्हणाली, “अहो काका, आम्हाला वाटलं बाहेर बघण्यासारखं काहीच नाही, म्हणून लावला होता.” थोड्या वेळाने पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला: “हा देवगडचो दिवो. आमच्या येळाक बोट हय थांबा.” त्यानंतर नातवंडांचे प्रश्न सुरू झाले, ते किती वेळ चालले याचा मी हिशेब ठेवला नाही. त्या बाईंच्या उत्तरात मला साऱ्या दुखण्याचे मूळ दिसले. लोक उद्धट आहेत म्हणून दिवे लावतात, असे मी मानत नाही. बाहेर काही नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते, आणि ती समजूत दूर करणे हे ज्यांनी तिकीट विकले त्यांचे काम आहे.

जमिनीवरच्या कायद्याने शेजारधर्माचा हा विचार फार पूर्वी केला आहे. वहिवाटीच्या हक्कांविषयीच्या १८८२ च्या कायद्यान्वये, ज्या घराने वीस वर्षे अखंड शेजारच्या मोकळ्या जागेवरून उजेड आणि वारा घेतला, त्यास त्या उजेडाचा हक्क प्राप्त होतो व शेजाऱ्यास भिंत घालून तो अडविता येत नाही. समुद्रावर याच न्यायाची दुसरी बाजू लागू केली पाहिजे. डेकवर पथारी टाकणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या काळोखाचा उपभोग घेतला, त्यावर शेजाऱ्याने दिव्याची भिंत का घालावी? आवाजाचेही तेच. सज्ज्यांमधील पडदे पातळ असतात, त्यांच्या खाली फट असते, आणि रात्री वारा पडला म्हणजे दोन खोल्यांपलीकडील पती-पत्नींचे बोलणे शब्दशः ऐकू येते. मग ध्वनिवर्धकाविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. पाणी कापल्याचा जो एकसुरी, किंचित वरखाली होणारा नाद जहाजाच्या पोटाशी चाललेला असतो, तो ऐकण्यासाठी माणसे पैसे मोजून येतात, त्यांना तो ऐकू द्यावा.

रात्रीच्या सज्ज्याविषयी एक दुसरी, अधिक गंभीर बाब आहे, व तिच्याविषयी सौजन्याची भाषा वापरणे मला योग्य वाटत नाही. २३ मार्च २००६ रोजी पहाटे तीनच्या सुमारास, ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज ग्रँड केमनहून जमैकातील माँटेगो बेकडे जात असता, त्याच्या एका सज्ज्यात आग लागली. पेटती टाकून दिलेली सिगारेट हे तिचे संभाव्य कारण म्हणून चौकशीत नमूद झाले. सज्ज्यांमधील पडदे पॉलिकार्बोनेटचे होते, तळाच्या फरश्या पॉलियुरेथेनच्या होत्या, आणि सज्जा ही उघडी जागा म्हणून तेथे आगीची सूचना देणारे यंत्र नव्हते की पाण्याचे फवारे नव्हते. काही मिनिटांत ज्वाळा मजल्यामागून मजले चढल्या. एक प्रवासी मृत्यू पावला, अनेकांना धुराची बाधा झाली व शेकडो खोल्यांची हानी झाली. त्यानंतर समुद्रावरील जीवितरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती होऊन, १ जुलै २००८ पासून सज्ज्यांतील पडदे, सामान, सूचनायंत्रे व फवारे यांविषयी कडक अटी अमलात आल्या, आणि पुष्कळ कंपन्यांनी सज्ज्यात धूम्रपानास मज्जाव केला. तरीही रात्री सर्व निजल्यावर एकाने सज्ज्यात विडी पेटवावी आणि थोटूक अंधारात भिरकावून द्यावे, हे घडते. ते थोटूक समुद्रात पडेलच असे नाही; जहाजाच्या अंगाला घासून वर उठणारा वारा ते खालच्या नाही तर मागच्या सज्ज्यातील टॉवेलवर आणून टाकतो. अशा प्रवाशास पुढच्या बंदरावर उतरवून देण्याचा नियम कंपन्यांनी छापावा आणि एकदा तरी अमलात आणून दाखवावा.

कठड्याविषयी थोडक्यात. अमेरिकेने २०१० साली केलेल्या कायद्यात कठड्याची किमान उंची ४२ इंच ठरविली. प्रौढ माणूस पाय जमिनीवर ठेवून उभा असेल तोवर ती पुरेशी आहे, आणि खुर्चीवर चढलेल्या मुलास ती मुळीच पुरेशी नाही. रात्री निजण्यापूर्वी सज्ज्यातील खुर्च्या कठड्यापासून दूर, खोलीच्या भिंतीला लावून ठेवाव्यात आणि दाराची वरची खीळ घालावी. खोलीचे आतले दार व सज्ज्याचे दार एकाच वेळी उघडू नये; वाऱ्याचा जो झोत त्यातून जातो त्याने जड दार असे आदळते की बोटे चेचावीत. ओली वस्त्रे कठड्यावर वाळत घालू नयेत. ती उडतात, आणि उडालेले प्लॅस्टिक अथवा कापड समुद्रातच जाते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की पैसे भरून सुट्टी घालविण्यास आलेल्या माणसास आनंद करण्याची मुभा नसावी काय? असावी, आणि त्यासाठी जहाजावर नाट्यगृह, भोजनगृह, तलाव व संगीताची दालने पहाटेपर्यंत चालू असतात. सज्जा तेवढा त्यांतून वगळावा, एवढीच माझी मागणी आहे. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे, कारण तो वृद्धांचा, लहान मुलांचा व ज्यांची नजर अधू आहे त्यांचा आहे: हलत्या जहाजावर, खाऱ्या ओलीने निसरड्या झालेल्या फरशीवर अंधारात पाय घसरला तर? त्यांच्यासाठी सज्ज्याच्या उंबरठ्याशी, पायाच्या उंचीवर, झाकलेला मंद तांबडा दिवा असावा. तांबड्या उजेडाने काळोखाला सरावलेली दृष्टी फारशी बिघडत नाही, हे खलाशांना ठाऊक असल्यामुळे नकाशाच्या टेबलावर ते असाच दिवा वापरतात. छतावरील पांढरा दिवा काढून असा दिवा बसविण्यास येणारा खर्च सज्ज्याच्या भाड्याच्या मानाने नगण्य आहे.

आपल्या समुद्रावर उजेडाचा प्रश्न केवळ सहलीच्या जहाजापुरता नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. मालवण, देवगड, रत्नागिरी येथील पारंपरिक मच्छीमार प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीविरुद्ध कित्येक वर्षे तक्रार करीत आहेत. २०१७ साली केंद्र सरकारने अशा मासेमारीस बंदी केली, तरी रात्री क्षितिजावर एखाद्या गावाएवढी पांढरी प्रभा दिसली की ती कशाची हे किनाऱ्यावरच्या पोरासही कळते. त्या उजेडाने मासळीचे थवे ओढले जातात आणि लहान होडीवाल्याचे जाळे रिकामे येते. काळोख ही किनाऱ्यावरील माणसाच्या उपजीविकेची गोष्ट आहे. जहाजाच्या सज्ज्यात बसलेल्या पाहुण्याने तिचा मान राखला, तर निदान त्या तक्रारीचा अर्थ त्याला कळू लागेल.

राहता राहिला ज्यांना सज्जाच नाही त्यांचा प्रश्न, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उदाहरण ध्रुवताऱ्याचे घ्या. तो मुंबईत क्षितिजावर एकोणीस अंश असतो, गोव्यात साडेपंधरा, आणि लक्षद्वीपच्या अगत्तीत अकराच्या आत. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते, तेव्हा या प्रवासात ध्रुव जवळजवळ एक मूठ खाली उतरतो. दोरीला गाठी मारलेली लाकडी फळी डोळ्यापुढे धरून अरब नाखवे हेच अंतर मोजीत आणि कोणत्या बंदराच्या रेषेत आलो हे ठरवीत. आपण पृथ्वीच्या गोलावरून खाली सरकत आहोत याचा याहून प्रत्यक्ष पुरावा सामान्य माणसास मिळणे कठीण आहे. परंतु दक्षिणेस जाणाऱ्या जहाजाच्या पिछाडीसच ध्रुव असतो, त्यामुळे बाजूच्या सज्ज्यातून तो दिसत नाही, कितीही भाडे भरले तरी. तो पाहण्यास उघडा, काळोखा डेक हवा, आणि आज आपल्या किनाऱ्यावरील जहाजांवर रात्री उघड्या डेकचा कोपरा न कोपरा रोषणाईने व संगीताने व्यापलेला असतो. कंपन्यांनी पिछाडीच्या वरच्या डेकचा एक भाग रात्री दहानंतर दिवे मालवून, कठड्यापाशी पहारेकरी ठेवून, सर्व वर्गांच्या प्रवाशांसाठी मोकळा ठेवावा. जहाजावरील अधिकाऱ्यांपैकी कोणी तरी अर्धा तास तेथे येऊन त्या रात्री कोणती नक्षत्रे व कोणती दीपगृहे दिसणार हे मराठीत, हिंदीत, कोंकणीत सांगावे. एप्रिल-मे महिन्यांत लक्षद्वीपच्या वाटेवर दक्षिणेस दिसणारा त्रिशंकू नाळेकडून दाखवावा. ही तजवीज करण्यास नवे जहाज बांधावे लागत नाही, की सरकारची परवानगी लागत नाही. पुढील हंगामाची तिकिटे विकण्यापूर्वी ती जाहीर व्हावी, आणि आतल्या बिनखिडकीच्या खोलीतील प्रवाशाकडून तिच्यासाठी वेगळे शुल्क घेऊ नये.